वाऱ्याची बाजू आणि बंद झालेली बाल्कनी

ठाणे-नवी मुंबईत वारा, ऊन आणि पाऊस एकाच अंगाने येतात. दुपारनंतर समुद्रावरून सुटणारा वारा पश्चिमेचा, घर तापवणारं तिरपं ऊन पश्चिमेचं आणि जूनपासून झोडपणारा पाऊस नैर्ऋत्येचा. त्यामुळे पश्चिमेला नुसती मोठी खिडकी काढून भागत नाही. वारा आत घ्यायचा आणि बाकीच्या दोघांना थोपवायचं, तर भिंतीपुढे सावलीचा एक पट्टा लागतो. गावठाणातल्या कौलारू घराची पडवी म्हणजे तो पट्टा. जुन्या दुमजली इमारतींची लाकडी कठड्याची गॅलरीही तोच. फ्लॅटची बाल्कनी याच घराण्यातली आहे. म्हणूनच ती बंद करू देणारा नियम इथल्या घरांना सगळ्यात महागात पडला, असं माझं मत आहे.

हवेचे लेखी नियम आले ते साथीच्या धास्तीने. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत ६३.५ अंशांचा दंडक आला. हा कोन विचित्र वाटतो, पण हिशेब सोपा आहे: समोरचं बांधकाम जेवढं उंच, त्याच्या निम्मं तरी अंतर खोलीसमोर मोकळं हवं. इमारतीभोवतीच्या सामासिक अंतरामागे हाच विचार आहे. पुढे दमट हवेच्या प्रदेशासाठी खिडक्यांचं माप खोलीच्या क्षेत्रफळाचा सहावा हिस्सा असं ठरलं. हवा आत येते कुठून, एवढंच या मापांनी पाहिलं. ती बाहेर कुठून जाते, हे विचारलंच नाही. समोरासमोर किंवा निदान दोन वेगळ्या भिंतींत उघडी जागा नसेल, तर खिडकी कितीही मोठी असो, वारा उंबऱ्यापाशीच अडतो.

१९७० नंतर खाडीपलीकडे नवी मुंबई हे नवं शहर आखलं गेलं, तेव्हा याचा विचार झाल्याचं बेलापूरला अजून पाहता येतं. ऐंशीच्या दशकात तिथे उभ्या राहिलेल्या बैठ्या वसाहतीत सात-सात घरं साधारण ८ मीटर लांब-रुंद अंगणाभोवती बसवली आहेत. असे तीन गट मिळून २१ घरांचं थोडं मोठं अंगण होतं. शेजारच्या घराशी भिंत जोडलेली नाही. मूळची बरीच घरं आता वाढली, काही पाडून नव्याने बांधली गेली, पण अंगणं अजून बरीचशी मोकळी आहेत. बाकी शहर मात्र चार-पाच मजल्यांच्या इमारतींनी भरत गेलं, आणि तिथे वाऱ्याची सगळी भिस्त बाल्कनीवर राहिली.

आता त्या नियमाकडे. बाल्कनी ठरावीक मर्यादेपर्यंत चटईक्षेत्रात (एफएसआय, म्हणजे भूखंडावर जेवढं बांधायची परवानगी असते त्यात) धरायची नाही, ही सवलत होती. हेतू चांगला होता: बिल्डरने सावलीचा पट्टा द्यावा. पण मुंबईच्या १९९१ च्या नियमावलीत प्रीमियम, म्हणजे जादा शुल्क, भरून ती बंद करायलाही मुभा मिळाली आणि परिसरातल्या शहरांतही ही रीत रुळली. अट होती. दर्शनी भागाच्या एक तृतीयांशात, वरच्या बाजूला लूव्हर (हवा येऊ देणाऱ्या तिरप्या पट्ट्या), उघडणारी काच किंवा ग्रिल हवी. नियम लिहिणाऱ्याला वाऱ्याची आठवण होती, हे त्या ओळीतून दिसतं. प्रत्यक्षात किती बंद बाल्कन्यांना वर लूव्हर दिसतात? एका खोलीत पाच जण राहत असताना बाल्कनीत मुलाचं अभ्यासाचं टेबल मांडणाऱ्यांना मी दोष देणार नाही. दोष या सवलतीचा, जिने आधी पट्टा फुकट दिला आणि मग पैसे घेऊन पुसला. ऊन आता थेट काचेवर येतं, मागच्या खोलीला दोन काचांआडून हवा मिळते.

नवी मुंबईत यात ‘टेरेस’ या शब्दाने आणखी गुंता केला. खारघरच्या जाहिरातींत दिसणारी ‘नॅचरल टेरेस’ एक मजला सोडून एक येते, म्हणजे डोक्यावर लगेच छत नसतं. छत नाही म्हणून ती बाल्कनी नाही, आणि बाल्कनी नाही म्हणून हिशेब वेगळा. वारा भरपूर, पण ऊन-पाऊसही तेवढाच. मग पत्रे, मग स्लायडिंग.

स्लायडिंगबद्दल थोडं. लाकडी झडपांची खिडकी जवळजवळ पूर्ण उघडायची. दोन काचांची ॲल्युमिनियमची सरकती खिडकी कधीही अर्ध्याहून जास्त उघडत नाही, आणि जुन्या मापात मात्र ती चौकटीसकट पूर्ण मोजली जायची. २०१८ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या केंद्राच्या निवासी ऊर्जा संहितेने ही चूक पकडली. तिनेही दमट-उष्ण हवेसाठी १६.६६ टक्के, म्हणजे तोच सहावा हिस्सा मागितला, पण प्रत्यक्ष उघडणाऱ्या भागाचा.

दोन वर्षांनी, २०२० च्या डिसेंबरमध्ये, मुंबई वगळून राज्यातल्या बहुतेक शहरांना एकच बांधकाम नियमावली लागू झाली आणि इमारतीच्या बाहेरच्या कडेने मोजणारी ‘पी-लाइन’ आली. बाल्कनीही त्या रेषेच्या आत. बदल्यात निवासी इमारतींना प्रीमियमवर ६० टक्क्यांपर्यंत पूरक चटईक्षेत्र. बाल्कनी खोलीत ओढण्यातली पळवाट त्यामुळे बुजली, पण मोकळी बाल्कनी आणि बंद खोली मोजणीत सारखीच झाली. वाशीतल्या सिडकोच्या जुन्या ‘जेएन टाइप’ इमारतींच्या जागी येणारे आराखडे याच हिशेबावर काढले जात आहेत.