अर्धस्वयंचलित रायफलीतील अडथळे

अर्धस्वयंचलित रायफलीतील अडथळे : गोळी सुटल्यावर रिकामी पुंगळी बाहेर फेकणे, घोडा चढवणे आणि मॅगझीनमधले पुढचे काडतूस कोठीत (नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते ती जागा) नेऊन बोल्ट (कोठी मागून बंद करणारा सरकता भाग) बंद करणे, हे चक्र मध्येच खुंटणे. सैन्यात याला ‘स्टॉपेज’ म्हणतात. ‘अर्धस्वयंचलित’ ही संज्ञा तशी ढिलीच. अशी रायफल स्वतःच भरली जाते, फक्त चाप दर गोळीला नव्याने ओढावा लागतो. ‘एसएलआर’ (सेल्फ-लोडिंग रायफल) या रूढ आद्याक्षरांतला ‘स्वयंभरणी’ हा अर्थ अधिक नेमका आहे.

बाराच्याच जोरावर हत्यार पुन्हा भरावे ही कल्पना जुनी. १६६० च्या दशकात लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे तिचा उल्लेख झाल्याची नोंद मिळते. पण असे हत्यार प्रत्यक्षात बनले होते, असे तेवढ्यावरून म्हणता येत नाही. हायरम मॅक्सिम याने १८८३ च्या सुमारास विंचेस्टर रायफलीच्या दस्त्याला स्प्रिंग लावलेली पट्टी बसवून धक्क्यावर चालणारी रचना केली. वायूवर चालणाऱ्या, म्हणजे नळीतल्या वायूचा काही भाग वळवून त्याच्या दाबाने बोल्ट मागे ढकलणाऱ्या, रचनेचे श्रेय मात्र वादग्रस्त आहे. काही लेखक ते फ्रान्सच्या क्लेर बंधूंना देतात, काही जॉन ब्राउनिंगला. मॅक्सिमच्या पेटंटांत वायुदाबाचा वापरही आलेला असल्याने निदान कल्पनेपुरता अग्रमान त्याचाच मानणे सयुक्तिक वाटते. मेक्सिकोने १९०८ मध्ये माँद्रागोन रायफल स्वीकारली, अमेरिकेने १९३६ मध्ये एम१ गॅरंड. गॅरंडमध्ये आरंभी वायू नळीच्या तोंडाशी पकडला जाई. पुढे नळीलाच छिद्र पाडून तो घेण्यात येऊ लागला.

अडथळ्याचे निदान पुंगळीवरून सुरू होते. ती जवळच रेंगाळत पडली, किंवा बाहेर पडण्याच्या खिडकीत उभी अडकली, तर बोल्ट पुरेसा मागे गेलेला नसतो. काजळीने भरलेले वायुछिद्र, ढिला गॅस ब्लॉक (वायुछिद्रावर बसवलेला भाग), झिजलेली दट्ट्याची कडी, कोरडा बोल्ट, थंडीत घट्ट झालेले तेल किंवा कमजोर काडतूस यांपैकी काहीही कारण असू शकते. एआर-१५ प्रकारच्या रायफलीत बोल्टभोवतीच्या वायू रोखणाऱ्या कड्यांची परीक्षा सोपी आहे : बोल्ट पुढे ओढून कॅरिअर (बोल्ट वाहून नेणारा भाग) त्याच बोल्टवर उभा ठेवायचा. स्वतःच्या वजनाने तो खाली बसला तर कड्या गेल्या. उलट, पुंगळीची कड फाटलेली दिसली तर वायू बहुधा जास्त होत आहे. बोल्ट नव्या काडतुसाच्या डोक्यावरून निघून जात असेल, तर मॅगझीनची थकलेली स्प्रिंगही तितकीच संशयित ठरते. म्हणून वायुरचनेला हात लावण्याआधी मॅगझीन आणि काडतुसे बदलून पाहणे श्रेयस्कर.

एफएन एफएएल या बेल्जियन रायफलीवर वायू कमीजास्त करण्याची सोय आहे. मॅगझीनमध्ये एकच काडतूस घालून बार काढायचा आणि बोल्ट मागे अडकून राहतो का ते पाहायचे; राहत नसेल तर वायू वाढवून पुन्हा पाहायचे. तो टप्पा सापडला की आणखी दोन खाचा वायू वाढवून ठेवण्याची पद्धत आहे.

एम१६ या अमेरिकी लष्करी रायफलीचा इतिहास या विषयात वारंवार उद्धृत होतो, जरी ती निव्वळ अर्धस्वयंचलित नव्हे. व्हिएतनाममध्ये तिची पुंगळी कोठीत घट्ट बसून राही आणि जवानांना नळीत पुढून सळई घालून ती ठोकून काढावी लागे. दोष साफसफाईच्या हयगयीचा, असा एक पक्ष होता. १९६७ च्या अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने दारूच्या बदलावर बोट ठेवले : मूळ चाचण्या आयएमआर या दांडीच्या आकाराच्या दाण्यांच्या दारूवर झाल्या होत्या, नंतर गोल दाण्यांची बॉल दारू आली आणि गोळीबाराचा वेग व काजळी दोन्ही वाढली. कोठीला क्रोमचा मुलामा नव्हता, हेही विसरता येत नाही. नंतर क्रोम दिल्यावर तक्रारी घटल्या, हे पाहता दुसरा पक्ष अधिक ग्राह्य दिसतो.

बाराचा आवाज दबका आला आणि चक्रही पूर्ण झाले नाही, तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते. अशा वेळी पुढचा बार काढू नये. काडतूस काढून, कोठी रिकामी असल्याची खात्री करून नळी आरपार पाहावी. चाप ओढूनही बारच झाला नाही, तर तोंड सुरक्षित दिशेला धरून किमान तीस सेकंद थांबावे, कारण काडतूस उशिराही पेटू शकते.

.२२ च्या रिमफायर (काडतुसाच्या कडेवर आघात करून बार काढणाऱ्या) रायफलींत सहसा वायुछिद्र नसते. काडतुसाचा जोर आणि बोल्टचे वजन एवढ्यावरच सारे चालते. तेथे पहिला संशय काडतुसावर, दुसरा गोळीवरून कोठीत जमलेल्या मेणावर व काजळीवर.