मतदार यादीचे वाद (सहकारी बँक निवडणुका : सातारा व सांगली)

सहकारी बँकेच्या संचालक मंडळाच्या निवडणुकीत मत देण्याचा अधिकार कोणाला, आणि सभासद संस्थेच्या वतीने तो कोणी बजावायचा, यावरून उद्भवणारे कायदेशीर तंटे. सातारा व सांगली जिल्ह्यांत हे तंटे मुख्यतः दोन जिल्हा मध्यवर्ती बँका, नागरी बँका आणि त्यांच्याच धर्तीवर साखर कारखान्यांच्या निवडणुकांत आढळतात. १९४९ मध्ये उत्तर व दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. दोन्हीकडील सहकाराची घडण समान असल्याने त्यांचा येथे एकत्र विचार केला आहे.

मताधिकाराचा पाया महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २७ मध्ये आहे. एक सभासद, एक मत हे त्याचे मूळ सूत्र. शेअर्स कितीही असले तरी मत एकच. नाममात्र सभासदाला मत नाही. नव्या सभासदाला दोन वर्षे आणि संघीय संस्थेचे (जिच्या सभासद संस्थाच असतात अशा संस्थेचे) शेअर्स नव्याने घेणाऱ्या संस्थेला तीन वर्षे थांबावे लागते. निवडणूक तोंडावर आल्यावर होणारी घाऊक सभासद भरती रोखणे हा या अटींचा उघड हेतू आहे. थकबाकीदार कर्जदाराचा मताधिकारही थकबाकी असेपर्यंत गोठतो. त्यामुळे अर्हता दिनांक, म्हणजे ज्या दिवशीची पात्रता पाहून यादी बनते तो दिवस, कोणता धरला यावर पुष्कळ काही ठरते. २०१३ च्या दुरुस्तीने क्रियाशील सभासदाची, म्हणजे संस्थेच्या सभांत व व्यवहारांत प्रत्यक्ष सहभागी सभासदाची, संकल्पना आणली. २०२२ मध्ये ती शिथिल झाली आणि त्यानंतरही धोरण हेलकावे खात राहिले.

जिल्हा बँकेतील खरा संघर्ष ‘ठरावा’चा असतो. विकास सेवा सोसायटी (शेतकऱ्यांना कर्ज देणारी गावपातळीवरील सहकारी संस्था) ही बँकेची सभासद, पण मत माणसाने द्यायचे. म्हणून सोसायटीच्या संचालक मंडळाने ठराव करून एका सभासदाचे नाव कळवायचे आणि ते नाव यादीत चढायचे. अशा मतदाराला बोलीत ‘ठरावधारक’ म्हणतात, आणि ‘ठराव गोळा करणे’ हे तालुक्याच्या राजकारणातले एक स्वतंत्र काम असते. एकाच सोसायटीचे दोन ठराव येणे, सभेची नोटीस न निघणे, गणपूर्ती नसणे, इतिवृत्तावर सचिवाची सही नसणे, प्रतिनिधी स्वतःच्या सोसायटीत थकबाकीदार असणे किंवा संस्था अवसायनात (गुंडाळली जात) असणे ही हरकतींची नेहमीची कारणे आहेत. आधी प्रारूप (कच्ची) यादी, तिच्यावर हरकती, त्यांची सुनावणी आणि शेवटी अंतिम यादी असा क्रम असतो.

मतांची संख्या लहान असल्याने एकेका नावाला वजन येते. नोव्हेंबर २०२१ मध्ये सातारा जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या जावळी सोसायटी मतदारसंघात शशिकांत शिंदे २५ विरुद्ध २४ अशा एका मताने पराभूत झाले. अशा मतदारसंघात यादीवरील एक हरकत मान्य होणे वा फेटाळली जाणे म्हणजे जवळजवळ निकालच. तेव्हा प्रचारापेक्षा सुनावणीला वकिलांची गर्दी जास्त असते, यात नवल नाही.

यादी हा निवडणुकीचा भाग आहे काय, हा या विषयातील सर्वांत वादग्रस्त प्रश्न. भाग असेल, तर निवडणूक सुरू झाल्यावर न्यायालयाने मध्येच हस्तक्षेप करू नये, हे पोन्नुस्वामी प्रकरणात (१९५२) विधिमंडळ निवडणुकीबाबत सांगितलेले तत्त्व लागू होते. नसेल, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खालील उच्च न्यायालयातील रिट याचिका मतदानाआधीच चालू शकते. सहकारी संस्थांबाबत हा प्रश्न श्री संत सद्‌गुरू जनार्दन स्वामी सहकारी दूध उत्पादक संस्था प्रकरणात (२००१) सर्वोच्च न्यायालयासमोर आला. यादी तयार करणे ही निवडणूक प्रक्रियेतील मधली पायरी आहे. ती करताना नियमभंग झाल्याचा आरोप असला तरी सुरू झालेली प्रक्रिया उच्च न्यायालयाने थांबवू नये, तक्रारदाराने निकालानंतर निवडणूक अर्ज (निवडणुकीला आव्हान देणारा अर्ज) करावा, असे न्यायालयाने ठरवले. पुंडलिक विरुद्ध महाराष्ट्र राज्य (२००५) या प्रकरणात मात्र त्याच न्यायालयाने पर्यायी उपायाची (आधी निवडणूक अर्जाचा मार्ग धरण्याची) अट आड येऊ दिली नाही आणि मुदतीनंतर झालेल्या प्रतिनिधीच्या नावातील बदलाच्या प्रश्नात हस्तक्षेप केला. दोन निकालांत विसंगती आहे असे काही अभ्यासक मानतात. पहिला निकाल सर्वसाधारण नियम सांगतो आणि दुसरा, नियमातील मुदतच धाब्यावर बसवली गेली असता त्याला अपवाद करतो, हे वाचन अधिक पटणारे आहे. व्यवहारात दोन्ही बाजूंचे वकील आपापल्या सोयीचा निकाल पुढे करतात.

निकालानंतरचा मार्गही बदलला आहे. पूर्वी जिल्हा बँका ‘विनिर्दिष्ट संस्था’ (कायद्याने वेगळ्या नमूद केलेल्या संस्था) असल्याने त्यांच्या निवडणुकीचे १९७१ चे नियम लागू असत आणि कलम १४४-टी खाली विभागीय आयुक्तांकडे दाद मागावी लागे. सहकारी संस्थांविषयीच्या सत्त्याण्णवाव्या घटनादुरुस्तीच्या अनुषंगाने २०१३ मध्ये राज्य कायदा बदलला. यादीसह निवडणुकीची देखरेख राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणाकडे गेली, २०१४ चे नियम आले आणि तंटा कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जाऊ लागला. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनादुरुस्तीतील संबंधित भाग राज्यांतर्गत संस्थांपुरता रद्दबातल ठरवला. राज्य कायद्याने निर्माण केलेले प्राधिकरण मात्र कायम राहिले. सातारा व सांगलीच्या याचिका १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबईऐवजी उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात.

निवडणूक लांबली की यादीचाही प्रश्न पुन्हा उभा राहतो. जानेवारी २०२० मध्ये कर्जमुक्ती योजनेच्या कामामुळे आणि पुढे कोविडमुळे निवडणुका पुढे गेल्या. अशा खंडात सोसायटीचे संचालक मंडळ बदलते, ठरावधारक मयत होतो किंवा गट बदलतो. मग जुना ठराव टिकतो की नवा मागवायचा, यावर वाद होतो. गट बदलणे हा कायद्याच्या दृष्टीने ठराव रद्द होण्याचा आधार नाही, पण भांडणाचे मूळ बहुधा तेच असते.

नागरी बँकांत ठरावाचा प्रश्न जवळपास नसतो. तेथे मयत सभासदांची नावे, रखडलेल्या वारस नोंदी, दुबार नावे आणि बदललेले पत्ते यांवरून हरकती येतात. साखर कारखान्यांतही मयत सभासद व वारस हाच मुद्दा ठळक असतो, कारण तेथे वैयक्तिक सभासदांची संख्या हजारांत असते. बहुराज्य (एकाहून अधिक राज्यांत कार्यक्षेत्र असलेल्या) म्हणून नोंदलेल्या बँकांना २००२ चा केंद्रीय कायदा लागू असून त्यांचे निवडणूक तंटे कलम ८४ खाली लवादाकडे जातात.