दाढ काढल्यावरचा ठणका: ड्राय सॉकेट की इन्फेक्शन?

अक्कलदाढ काढून तिसरा दिवस होता. पहिले दोन दिवस तसे बरे गेले, गाल सुजला होता पण दुखणं गोळीने आवरत होतं, मला वाटलं सुटलो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कानात सणक आली. दाढ खालची, डावीकडची, आणि दुखतोय कान, मग कानशील, मग अर्धं डोकं. गोळी घेतली की तासभर बरं, की परत सुरू. पहाटे मोबाईलचा टॉर्च लावून आरशात बघितलं तर सूज उलट उतरलेली, ताप नाही, पू नाही, पण दाढेच्या जागी जो काळपट लाल गोळा दिसत होता तोच गायब, नुसता खड्डा आणि तळाशी करडं-पांढरं काहीतरी. मी माझ्या मनानेच ठरवलं की इन्फेक्शन झालंय, घरात जुन्या कुठल्यातरी आजारपणातली अँटिबायोटिकची अर्धी स्ट्रिप पडली होती ती सुरू केली आणि दोन दिवस तळमळत काढले.

ते इन्फेक्शन नव्हतंच, ड्राय सॉकेट होतं. दाढ काढल्यानंतर दोन्ही होऊ शकतात, दोन्हीत दुखतं, दोन्हीत तोंडाला घाण वास येतो, त्यामुळे गल्लत होणं साहजिक आहे. पण उपचार वेगळे आहेत आणि धोका तर फारच वेगळा आहे. ड्राय सॉकेटला इन्फेक्शन समजलात तर नको ती औषधं खात कळा सोसत बसता. आणि इन्फेक्शनला ड्राय सॉकेट समजून अंगावर काढलंत तर काय होतं ते मी माझ्या ताईच्या बाबतीत बघितलंय, ते पुढे सांगतो.

आधी खड्ड्यात नक्की काय घडतं ते बघू, कारण ते कळलं की बाकी सगळं आपोआप कळतं. दात निघाला की हाडात मुळांच्या आकाराचा खड्डा राहतो, तो रक्ताने भरतो, रक्त गोठून गुठळी होते. डॉक्टर अर्धा-पाऊण तास गॉज चावून धरायला सांगतात ते नुसतं रक्त थांबावं म्हणून नाही, ती गुठळी नीट बसावी म्हणूनही. गुडघा खरचटल्यावर खपली धरते ना, तसंच हे काम आहे, फक्त ही खपली आत बसलेली असते. तिच्याखाली हाड आणि त्यातल्या नसा झाकलेल्या राहतात आणि तिच्यातच पुढे नवं मांस धरतं. वरची हिरडी मिटायला साधारण तीन-चार आठवडे लागतात, आत हाड भरायला काही महिने.

ड्राय सॉकेटमध्ये ही गुठळी टिकत नाही. एकतर धड बनतच नाही, नाहीतर वेळेआधीच विरघळते, आणि खालचं हाड उघडं पडतं. मग तिथे हवा लागली, गार पाणी लागलं, जीभ लागली, की कळ. लोक म्हणतात जोरात चूळ भरली, स्ट्रॉने ओढलं म्हणून गुठळी निघाली, तेही होतं, पण बऱ्याचदा शरीराची गुठळी विरघळवायची जी स्वतःची यंत्रणा असते तीच त्या जागी जास्त जोरात चालते, विशेषतः दाढ काढताना हाडाला जास्त इजा-धक्का बसला असेल तर. त्यामुळे सगळं सांगितल्याप्रमाणे करूनही ड्राय सॉकेट होऊ शकतं, आपलंच काहीतरी चुकलं म्हणून मनाला लावून घेऊ नका. सिगारेटचं मात्र तसं नाही. सिगारेट ओढणाऱ्यांना हे प्रकरण स्पष्टपणे जास्त होतं आणि ती थांबवणं आपल्या हातात आहे, निदान ते काही दिवस तरी. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांनाही प्रमाण जास्त दिसतं, म्हणून दाढ काढायच्या आधी डॉक्टरांना त्या गोळ्यांचं सांगायला लाजू नका.

ड्राय सॉकेट हे नाव १८९६ पासून वापरात आहे, म्हणजे हे काही नवीन दुखणं नाही. सगळे दात मिळून बघितलं तर शंभरातल्या साधारण १ ते ५ जणांना होतं, पण खालच्या, हाडात रुतून बसलेल्या अक्कलदाढा घेतल्या तर हाच आकडा ३० पर्यंत जातो असं सांगतात. वरच्या दाढांना बरंच कमी.

आता ओळखायचं कसं. माझ्या मते सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे दुखण्याची दिशा. दाढ काढल्यावर नॉर्मल दुखणं पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त असतं आणि मग रोज थोडं थोडं उतरतं. ड्राय सॉकेटमध्ये ते आधी उतरतं आणि मग दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान एकदम उसळतं, पहिल्या दिवसापेक्षाही वाईट, आणि जागेवर न राहता कानाकडे, कानशिलाकडे, कधी मानेकडे पसरतं. आणि एवढं दुखत असूनही गालाची सूज वाढत नाही, ताप येत नाही. मला त्या दोन दिवसांत जो भेटेल तो म्हणायचा की अरे चेहरा तर छान दिसतोय आता, आणि मला रडू यायचं बाकी होतं.

इन्फेक्शनचं चित्र उलटं असतं. तिथे मुख्य गोष्ट सूज. आता सूज म्हटल्यावर लगेच घाबरायचं नाही, कारण दाढ काढल्यावर सूज येतेच आणि ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, हे आधीच माहीत असलं की निम्मी धास्ती जाते. मग ती उतरायला लागते. पण तिसऱ्या दिवसानंतरही वाढतच राहिली, किंवा छान उतरलेली सूज परत चढली, कडक आणि गरम लागायला लागली, वरची कातडी लाल झाली, तर ते इन्फेक्शन धरून चालायचं. बरोबर ताप, थंडी वाजणं, तोंडात खारट-घाण चव, हिरडी दाबली की पू, जबड्याखाली दुखरी गाठ, यातलं काही ना काही असतं. आणि हे चौथ्या-पाचव्या दिवशीही होतं, दोन-तीन आठवड्यांनी टाके विरघळून गेल्यावरही होतं, म्हणजे आता तर कधीच भरून आलं म्हणून निर्धास्त राहू नये.

ताईची दाढ माझ्यानंतर वर्षभराने काढली. पाच दिवस काही त्रास नाही, सूज गेलेली, जेवायला लागलेली. सातव्या दिवशी सकाळी जबड्याखाली लिंबाएवढा कडक गोळा. मला फोन केला आणि मी काय म्हणालो, तर माझंही असंच झालं होतं, ड्राय सॉकेट असेल, लवंगेच्या तेलाचं ड्रेसिंग करतात, उद्या-परवा जाऊन ये. सूज आहे का, ताप आहे का, तोंड किती उघडतंय, एक प्रश्न विचारला नाही. दुसऱ्या दिवशी रात्री तिला १०१ ताप, तोंड इतकं आवळलेलं की दोन बोटं उभी आत जाईनात, एरवी आपली तीन जातात. सर्जनने त्याच रात्री बोलावून चीर दिली, पू काढला, शिरेतून अँटिबायोटिक दिलं आणि ती बरी झाली. पण ते दीड दिवस माझ्या बोलण्यामुळे गेले याची टोचणी मला अजून आहे, आणि हे सगळं लिहायला बसलो तेही त्याचमुळे.

तोंडातलं इन्फेक्शन खाली गळ्याकडे उतरू शकतं म्हणून त्याला वेळ द्यायचा नसतो. जिभेच्या खालची जागा फुगून जीभ वर ढकलली जातेय, थुंकी गिळता येत नाही म्हणून लाळ गळतेय, आवाज तोंडात गरम घास धरल्यासारखा येतोय, आडवं झालं की श्वास अडकतोय, यातलं एकही असेल तर दाताच्या डॉक्टरच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं, मग रात्रीचे तीन का वाजलेले असेनात. याला लुडविग अँजायना म्हणतात, १८३६ मध्ये एका जर्मन डॉक्टरने याचं वर्णन केलं त्यांच्या नावावरून, आणि नावात अँजायना असला तरी त्याचा हृदयाशी काही संबंध नाही. वरच्या दाढेनंतर सूज डोळ्यापर्यंत चढून डोळा मिटायला लागला तरी तसंच, लगेच हॉस्पिटल.

उपचारांबद्दल. ड्राय सॉकेटमध्ये अँटिबायोटिक का चालत नाही, तर अँटिबायोटिक जंतू मारतं, उघडं पडलेलं हाड ते झाकत नाही. माझ्या डॉक्टरांनी सिरिंजने कोमट सलाईन सोडून खड्डा धुतला, अन्नाचे कण बाहेर आले, मग चिमट्याने लवंगेच्या वासाचं, तपकिरी, ओलसर ड्रेसिंग आत बसवलं. ते बसवताना डोळ्यात पाणी आलं, खोटं नाही सांगत, पण पंधरा-वीस मिनिटांत कानातली कळ अशी उतरत गेली की मी खुर्चीतच डुलकी काढली. दोन दिवसांनी परत धुऊन बदललं, आणि एकदा. तसं बघितलं तर ड्राय सॉकेट काही न करताही साधारण सात ते दहा दिवसांत आपलं आपण शमतं, जीव धोक्यात नसतो, पण वीस मिनिटांत आराम मिळत असताना दहा दिवस कशाला सोसायचं?

इन्फेक्शनमध्ये अँटिबायोटिकची जागा आहे, पण पू साठला असेल तर तो बाहेर काढणं हाच मुख्य उपचार, नुसत्या गोळ्यांनी तात्पुरतं दबतं आणि परत उफाळतं. कुठलं औषध, किती दिवस, हे डॉक्टरने ठरवायचं. घरातल्या उरलेल्या गोळ्या किंवा शेजाऱ्याला लागू पडलेल्या गोळ्या नाही.

एका गोष्टीने दोन्हीकडे गोंधळ होतो ती म्हणजे पांढरा थर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खड्ड्यावर पांढरट-पिवळट थर दिसतो, बरेच जण त्याला पू समजतात आणि कापसाने, टूथपिकने काढायला जातात. तो भरून येणाऱ्या जखमेचाच थर असतो, त्याला हात लावायचा नाही. पू वेगळा ओळखू येतो, तो दाबल्यावर बाहेर येतो आणि त्याची चव घाण असते. नुसत्या वासावरून तर काहीच ठरवू नका, खड्ड्यात शीत अडकलं तरी वास येतो.

तापाचंही एक लक्षात घ्या. पॅरासिटामॉल दुखणं कमी करतं तसं तापही उतरवतं, म्हणजे दर सहा तासांनी गोळी चालू असेल तर इन्फेक्शनचा ताप झाकला जाऊ शकतो. म्हणून पुढची गोळी घ्यायच्या आधी थर्मामीटर लावा, नंतर नाही. आणि दुखतंय म्हणून एकावर एक गोळ्या घेऊ नका, मोठ्या माणसाला दिवसाला पॅरासिटामॉलची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, तीही तब्येत धडधाकट असेल तर, आणि सर्दी-तापाच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये तेच औषध असतं हे विसरायला होतं. आयबुप्रोफेन पोटात अल्सर, किडनीचा त्रास, दमा किंवा गरोदरपण असेल तर विचारल्याशिवाय नको. अ‍ॅस्पिरिनची गोळी दुखऱ्या हिरडीवर ठेवायचा जो प्रकार काही लोक करतात तो तर अजिबात नको, हिरडी भाजते.

पहिले २४ तास चूळ, थुंकणं, स्ट्रॉ सगळं बंद, लाळ आली तर गिळायची. नंतर कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, पण खळखळून नाही, पाणी तोंडात घ्यायचं, मान इकडे तिकडे कलवायची आणि तोंड उघडून पडू द्यायचं. बर्फ पहिल्या दिवशी बाहेरून.

डायबेटिस असेल तर इन्फेक्शनचा उंबरठा कमी असतो, तिथे थोडी जरी शंका आली तरी दाखवून या. आणि ज्यांना हाडं ठिसूळ झाली म्हणून किंवा कॅन्सरसाठी हाडांची औषधं, गोळ्या नाहीतर इंजेक्शनं चालू आहेत किंवा पूर्वी झालीत, किंवा जबड्याला रेडिएशन दिलंय, त्यांनी हे दाढ काढायच्या आधीच सांगायला हवं. त्यांच्यात उघडं हाड दिसलं तर ते साधं ड्राय सॉकेट नसून हाडच भरून येत नसल्याचं लक्षण असू शकतं. औषधं चालू असलेल्यांत आठ आठवड्यांनंतरही हाड उघडंच असेल तर डॉक्टर त्याच दिशेने विचार करतात.

फोन कराल तेव्हा नुसतं खूप दुखतंय एवढंच सांगू नका. कितवा दिवस, दुखणं उतरून परत वाढलं की वाढतच गेलं, सूज कालपेक्षा जास्त की कमी, ताप किती, तोंडात किती बोटं जातात, गिळताना त्रास आहे का, हे सहा प्रश्न आहेत आणि मी ताईला यातला एकही विचारला नव्हता. आणि ड्राय सॉकेटचं ड्रेसिंग घालून घरी याल तेव्हा ते आपोआप विरघळणारं आहे की काढायला परत यायचंय हे विचारून तारीख लिहून ठेवा, कारण दुखायचं थांबलं की माणूस विसरतो, आणि न विरघळणारं गॉज आत तसंच राहिलं तर जखम भरायची राहते आणि पुढचं इन्फेक्शन तिथूनच सुरू होऊ शकतं.