मजा गेली तरी ओढ का जात नाही? थोडा मागचा इतिहास

व्यसनी माणसाच्या घरात एक प्रश्न हमखास निघतो, की अरे तूच म्हणतोस आता पिण्यात काही मजा राहिली नाही, मग पितोस कशाला? त्याच्याकडे उत्तर नसतं आणि घरच्यांना वाटतं हा थापा मारतोय. आता खरं सांगायचं तर सायन्सही पस्तीसेक वर्षं घरच्यांच्याच बाजूने होतं, म्हणजे माणूस मजा येते म्हणूनच नशा करतो असं धरून चाललं होतं.

याची सुरुवात होते कॅनडात, माँट्रियलच्या मॅकगिल युनिव्हर्सिटीत. जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिलनर हे दोघं उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवून हलका करंट देत होते. एका उंदराची तार ठरलेल्या जागी न बसता भलतीकडेच बसली, आणि तो पळून जायच्या ऐवजी जिथे करंट मिळाला त्याच कोपऱ्यात परत परत यायला लागला. मग त्यांनी दांडी दाबली की करंट मिळेल अशी सोय करून दिली तर उंदीर तासाला शेकड्याने, पुढच्या प्रयोगांत तर हजारांनी दांडी दाबायला लागले. 1954 ला पेपर आला आणि मेंदूतलं 'सुखाचं केंद्र' सापडलं अशी हवा झाली. उंदराला खरंच सुख होत होतं का, हे मात्र त्याला कोणी विचारू शकत नव्हतं ना.

डोपामिनची, म्हणजे मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप नेणाऱ्या एका केमिकलची, गोष्ट वेगळ्याच रस्त्याने आली, आणि त्यात आपली सर्पगंधा आहे. सर्पगंधेपासून काढलेलं रेसर्पिन दिलं की ससे नुसते पडून राहायचे, हलायचेच नाहीत. स्वीडनच्या अर्विद कार्लसननी 1957 मध्ये अशा सशांना एल-डोपा (ज्यापासून मेंदू डोपामिन बनवतो) दिलं आणि ते थोड्याच वेळात उठून हिंडायला लागले. म्हणजे मेंदूत डोपामिन स्वतःच काहीतरी महत्त्वाचं काम करतं (2000 सालचं नोबेल त्यांना याच्याशीच जोडलेल्या कामासाठी मिळालं). पुढे 1988 ला इटलीत दी कियारा आणि इंपेराटो यांनी दाखवलं की दारू, निकोटिन, कोकेन, मॉर्फिन, सगळ्यांनी उंदराच्या मेंदूत एका ठराविक जागी डोपामिन वाढतं. झालं, डोपामिन म्हणजे आनंदाचं केमिकल, आणि ते आजपर्यंत रील्समध्ये तसंच चाललंय.

पण त्याच सुमारास मिशिगन युनिव्हर्सिटीत केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवून टाकलं. असा उंदीर आपणहून खात नाही, समोर अन्न ठेवून उपाशी मरेल. पण त्याच्या तोंडात साखरेचं पाणी सोडलं तर तो चक्क ओठ चाटतो, आधी चाटायचा तसाच, तान्हं बाळ गोड लागल्यावर चाटतं तसाच. म्हणजे गोडी शाबूत होती आणि ती मिळवायला उठायची ओढ तेवढी गेली होती! मला तर या सगळ्या इतिहासातला हाच प्रयोग सगळ्यात भारी वाटतो. 1993 मध्ये दोघांनी मांडलं की नशेने मेंदूतली ही ओढ वाढत जाते, मजा मात्र वाढत नाही, उलट बऱ्याचदा कमीच होते. नंतर पार्किन्सनच्या काही पेशंटमध्येही असंच दिसलं, डोपामिनसारखं काम करणाऱ्या गोळ्या सुरू झाल्यावर कधी पत्त्याला हात न लावलेली माणसं जुगार खेळायला लागली आणि गोळी बंद केल्यावर बऱ्याच जणांचं ते सुटलं.

ओढ कशाने पेटते हे स्वित्झर्लंडमधल्या वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांनी दाखवलं. सुरुवातीला ज्यूस मिळाला की डोपामिनच्या पेशी चमकायच्या, म्हणजे जोरात सिग्नल द्यायच्या, पण ज्यूसच्या आधी दिवा लागतो हे माकडाला कळलं की पेशी दिव्यालाच चमकायला लागल्या, ज्यूस आला तेव्हा गप्प. आणि दिवा लागून ज्यूस नाही आला तर पेशी नेहमीपेक्षाही खाली जायच्या. बेवड्याच्या बाबतीत हा दिवा म्हणजे बारची पाटी, पगाराचा दिवस, ठराविक मित्राचा फोन.

माणसांत हे आधीच दिसलं होतं खरं. अमेरिकेत केंटकीमधल्या लेक्झिंग्टनला व्यसनींसाठी सरकारी हॉस्पिटल होतं, तिथे 1940 च्या दशकात एब्राहम विकलर यांच्या लक्षात आलं की कित्येक महिने ड्रग न घेतलेली माणसं नुसता विषय निघाला तरी जांभया द्यायला लागतात, डोळ्यांना पाणी येतं, म्हणजे नशा बंद केल्यावर होणारा त्रास, आपल्याकडे ज्याला टर्की म्हणतात, तीच लक्षणं. याची उलटी बाजू व्हिएतनाममध्ये दिसली. तिथे जवळपास 20 टक्के अमेरिकन सैनिकांना हेरॉइन वगैरेचं व्यसन लागलं होतं, 1971 मध्ये निक्सन सरकार हादरलं, ली रॉबिन्स या बाईंना अभ्यास करायला सांगितला. घरी परतल्यावर त्या व्यसनींपैकी पहिल्या वर्षात फक्त 5 टक्क्यांच्या आसपास पुन्हा अडकले. अनेकांचा यावर विश्वासच बसेना. जागा, माणसं, मालाची उपलब्धता, सगळंच मागे राहिलं होतं, हे त्याचं एक मोठं कारण धरलं जातं. लेक्झिंग्टनहून बाहेर पडणारा मात्र आपल्या जुन्याच गल्लीत परत जायचा, आणि तिथले बहुतेक पुन्हा सुरू करायचे.

पुण्यात ब्राउन शुगरची, म्हणजे गर्दची लाट आली तेव्हा 1986 ला डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुलं आणि सुनीताबाईंच्या मदतीने मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. शुल्ट्झची माकडं तेव्हा अजून यायची होती, पण जुना अड्डा टाळ, जुनी कंपनी सोड, फक्त आजचा दिवस बघ, हे 1935 मध्ये सुरू झालेल्या एएच्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट) लोकांना अनुभवाने केव्हाच कळलेलं होतं.

मेंदू परत किती भरून येतो यावर अमेरिकेतल्या संशोधक नोरा व्होल्को यांनी 2001 मध्ये मेथच्या (मेथॲम्फेटामिन या ड्रगच्या) व्यसनातून बाहेर पडलेल्या लोकांचे स्कॅन दाखवले. वर्षभर किंवा त्याहून जास्त लांब राहिल्यावर डोपामिन पेशींवरची एक खूण बऱ्यापैकी परत आली होती, पण स्मरणशक्ती आणि हालचालींच्या टेस्ट तेवढ्या सुधारल्या नव्हत्या.