शब्दाचं मूळ, ऋषीचं कूळ

'पाव' हा शब्द कुठून आला, याचं उत्तर दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी माझ्या फोनवर ढकलतं. बेकरीत पीठ पायांनी तुडवायचे, म्हणून पाव. किंवा एका लादीचे चार तुकडे, म्हणून पाव. दोन्ही उत्तरं झकास आहेत आणि दोन्ही चूक. पोर्तुगीज लोक ब्रेडला 'पांव' म्हणतात. पदार्थ गोव्यात उतरला, नाव त्याच्यासोबत उतरलं, एवढंच. पण हे 'एवढंच' ठामपणे म्हणता यावं म्हणून काही माणसांनी उभा जन्म घालवला आहे. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये असं बजावणाऱ्या आपल्या भाषेत शब्दांचं मूळ विचारणारे कोण निपजले, आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा 'मराठी व्युत्पत्ति कोश' १९४६ साली निघाला त्याआधी काय काय घडून गेलं, त्याची ही हकीकत.

मराठीत हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला तो कुतूहलापोटी नव्हे, राज्यकारभारासाठी. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या सुमारास रघुनाथ पंडितांच्या नावाने ओळखला जाणारा राजव्यवहारकोश तयार झाला. दरबारी वापरातल्या फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. मुजुमदाराचा अमात्य झाला, डबीराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. हा काही व्युत्पत्तिकोश नाही. पण प्रतिशब्द द्यायचा तर घरचा कोण आणि पाहुणा कोण हे आधी ठरवावं लागतं, आणि ही छाननी तिथे झालेली दिसते. पेशव्याचा पंतप्रधान केला खरा, पण पुढची शंभर-सव्वाशे वर्षं लोकांच्या तोंडी पेशवाच राहिला.

मग मोल्सवर्थ, कंपनी सरकारच्या फौजेतला इंग्रज अधिकारी. थॉमस आणि जॉर्ज हे कँडी बंधू आणि पदरी असलेले पंडित यांच्या मदतीने त्याने मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली काढला, आणि १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्दसंख्या साठ हजारांच्या घरात गेली. त्यात शब्दापुढे बारीकसं एखादं रोमन अक्षर असतं: संस्कृतसाठी एक, अरबीसाठी एक, फारसीसाठी एक. हा शब्दाचा जन्मदाखला नव्हे, नुसतं गावाचं नाव. तिथून इथवर तो कसा आला, वाटेत त्याचे कान-नाक कसे झिजले, याबद्दल अक्षर नाही. मोल्सवर्थचं ते कामही नव्हतं म्हणा.

ते काम अंगावर घेतलं वि. का. राजवाडे यांनी. राजवाडे म्हटलं की आपल्याला गावोगावचे वाडे, माळ्यावरची दप्तरं आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड आठवतात. पण त्यांच्या लेखी शब्द हासुद्धा एक कागदच होता, तोही वाळवी न लागणारा. गावांची नावं, आडनावं, शेतीची अवजारं, शिव्या, काही म्हणून त्यांनी सोडलं नाही. इंग्रजीत लिहायचं नाही हा त्यांचा हट्ट होता, त्यामुळे हे सगळं त्यांनी मराठी वाचकासमोरच मांडलं. शब्दाचं मूळ हा शास्त्र्यांच्या ओसरीवरचा विषय नाही, चारचौघांत भांडायचा विषय आहे, ही सवय मराठीला त्यांनी लावली असं मला वाटतं.

सवयीबरोबर खोडही लावली. शब्द दिसला की त्याला संस्कृत धातूपर्यंत, म्हणजे क्रियापदाच्या मुळापर्यंत, नेऊन पोचवायचंच, मग मधले दुवे हाताशी असोत वा नसोत. त्यांच्या काही व्युत्पत्त्या वाचताना माणूस थक्क होतो, काही वाचताना हसू आवरत नाही, आणि कधीकधी दोन्ही एकाच पानावर घडतं. १९२६ च्या अखेरच्या दिवशी धुळ्याला ते गेले. त्यांचा धातुकोश त्यांच्या मागे, १९३७ साली, धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाने काढला. त्याचे संपादक होते कृ. पां. कुलकर्णी.

राजवाड्यांच्या हयातीतच पॅरिसमध्ये झ्यूल ब्लॉक नावाचा फ्रेंच पंडित मराठीच्या घडणीवर प्रबंध लिहीत होता. तो १९२० साली छापून निघाला. वा. गो. परांजपे यांनी पुढे त्याचं मराठी केलं. ब्लॉकने शिकवलेली गोष्ट अशी की सुटा शब्द पकडून काही सिद्ध होत नाही, कळप पकडावा लागतो. हिंदीत मछली, मराठीत मासा. हिंदीत बछड़ा, मराठीत वासरू. हिंदीत पूछना, मराठीत पुसणे. प्राकृतातल्या, म्हणजे संस्कृत आणि आजच्या भाषा यांच्या मधल्या पायरीवरच्या बोलींतल्या, 'छ'चा मराठीत 'स' होतो, आणि पुढे इ-ए सारखा स्वर आला तर 'श'. म्हणून मच्छिआची माशी, छेत्ताचं शेत, कुच्छीची कूस, उच्छूचा ऊस. एकदा ही रांग दिसली की 'पाव'सारखी गोष्ट सांगणाऱ्याला विचारता येतं, बाबा रे, तुझ्या शब्दाचे भाऊबंद कुठे आहेत?

आणि नियम मोडताना दिसला की कारण शोधायचं, हात झटकायचे नाहीत. वृश्चिकाचा विंचू झाला, विंसू का नाही झाला? कारण प्राकृतातच त्याचं 'विंचुअ' असं वेगळं रूप होतं. हेमचंद्र या जैन वैयाकरणाने बाराव्या शतकात आपल्या प्राकृत व्याकरणात त्याची नोंद करून ठेवली आहे. जानवं हे यज्ञोपवीत आहे आणि रहाट हा अरघट्ट आहे, हे कानाला कधीच पटलं नसतं. मधल्या पायऱ्या दाखवल्या की पटतं.

संस्कृत-प्राकृताच्या वाटेने न आलेल्या शब्दांसाठी वेगळी माणसं लागली. गोव्यातल्या आसगावचे सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो हे पाद्री. १८९३ साली त्यांचा कोकणी-पोर्तुगीज कोश निघाला. पुढे ते लिस्बनला संस्कृत शिकवू लागले, आणि १९१३ साली सुमारे पन्नास आशियाई भाषांत शिरलेल्या पोर्तुगीज शब्दांचा कोश त्यांनी दिला. अखेरच्या वर्षांत दोन्ही पाय कापावे लागले, तरी दोन खंडांचा आणखी एक मोठा कोश त्यांनी पुरा केलाच. बटाटा, काजू, चावी, पगार, घमेलं, पिंप यांची मुळं आज आपण सहज सांगतो ती या वाटेने आली आहेत. माझा आवडता शब्द तुरुंग. पोर्तुगीज 'त्रोंकु' म्हणजे झाडाचं खोड. कैद्याचे पाय ओंडक्यात अडकवायचे, म्हणून ओंडका म्हणजे कोठडी, म्हणून आपला तुरुंग. गंमत अशी की मराठीनेही याच हत्याराला खोडावरून 'खोडा' म्हटलं होतं. दोन भाषांनी एकच लाकूड दोनदा उचललं.

फारसीच्या बाजूला माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन. मराठीत गझल रुजवणाऱ्या या माणसाचा फारसी-मराठी कोश १९२५ चा. हाच माणूस पुढे भाषाशुद्धीचा, म्हणजे मराठीतून परके शब्द काढून टाकण्याचा, खंदा पुरस्कर्ता झाला. यात मला विसंगती वाटत नाही, वाईट वाटतं. शब्द कुठला हे कळणं आणि त्याला दार दाखवणं, यांत त्या काळी फार अंतर उरलं नव्हतं.

या गलबल्यात कुलकर्ण्यांचं काम उभं राहिलं. जन्म १८९२ चा, सातारा जिल्ह्यातला. आत्मचरित्राचं नावच 'कृष्णाकाठची माती'. पेशा प्राध्यापकाचा. १९३३ साली मराठी भाषेच्या उगम-विकासावरचं त्यांचं पुस्तक आलं आणि एम.ए.च्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी ते पाठ केलं. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात पुरे झाले होते आणि त्यात कंसात व्युत्पत्तीही होती, पण अर्थाच्या ओझ्याखाली दबलेली. कुलकर्ण्यांनी व्युत्पत्तीलाच मुख्य खुर्ची दिली. शब्द, मग संस्कृत, प्राकृत, मग शेजारच्या भाषांतली भावंडं.

माझी प्रत जुन्या बाजारातली आहे. पाठीची शिवण सुटलेली, समासात कुणाच्या तरी शिसपेन्सिलीच्या उलट्या शंका. या शंका बऱ्याचदा रास्तही आहेत. राजवाड्यांची छाया कोशावर पडलेली दिसते, आणि दक्षिणेकडून आलेल्या शब्दांचं माप मला तरी कमी वाटतं. अडकित्ता कन्नडचा, हे मान्य व्हायला अडचण नाही: तिकडे सुपारीला अडके म्हणतात आणि ती कातरायच्या हत्याराला अडकत्तरी. पण आपल्या अंगाखांद्यावरचे, चुलीजवळचे शब्द त्याच वाटेने आले असतील, हा विचार पचायला जड जातो. पेशाने इंजिनिअर असलेले विश्वनाथ खैरे पुढे तमिळकडे बोट दाखवत आयुष्यभर हेच सांगत राहिले. 'अडगुलं मडगुलं' हे बाळाला तीट लावतानाचं गाणंही त्यांनी तमिळच्या उजेडात वाचून दाखवलं. विद्यापीठांनी त्यांचं सगळं मानलं नाही. मलाही सगळं पटत नाही.

१९५२ च्या अमळनेरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष कुलकर्णी होते. कवी-कादंबरीकारांच्या रांगेत कोशकार त्या खुर्चीवर बसण्याचे प्रसंग थोडे. १९६४ साली ते वारले.

जाता जाता, चुकीच्या गोष्टी रचण्याचा मक्ता एकट्या मराठीकडे नाही. आपलं मुंगूस (तेही मूळचं दक्षिणेकडचं, कन्नडमध्ये मुंगिसी) पोर्तुगीजांमार्फत इंग्रजीत गेलं. तिथल्या लोकांना शेवटात 'गूस', म्हणजे हंस, ऐकू आला आणि स्पेलिंगही तसंच झालं. त्यामुळे अनेकवचन करताना गूसचं 'गीस', तसं मंगूसचं 'मंगीस' म्हणावं की काय, या विचाराने तिकडची पोरं अडखळतात.