नागपुरात अंगणातलं झाड दुसऱ्या जागी न्यायचंय? दिवाळी झाली की अर्ज टाका

जुनं घर पाडून फ्लॅट स्कीम होते आणि अंगणातला चाफा, बकुळ नाहीतर तामण मध्ये येते. झाड आपलं, जागा आपली, मग परवानगी कशाला, असं बहुतेकांना वाटतं. पण शहरात 1975 चा झाडांच्या संरक्षण व जतनाचा अधिनियम लागू आहे, आणि त्यात झाडाला कुठलीही इजा करणं हे तोडण्यातच मोडतं. म्हणून मुळांना कुदळ लावण्याआधी महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्या.

अर्ज जागेच्या मालकाने उद्यान विभागात करायचा. भाडेकरू असाल तर मालकाची संमती जोडा, सोसायटी असेल तर ठराव. सोबत आखीव पत्रिका किंवा सातबारा, मालमत्ता कराची पावती, ओळखपत्र, बांधकामाचं कारण असेल तर मंजूर नकाशा. झाड परक्या जागेत जाणार असेल तर त्या मालकाचं संमतिपत्रही लावा. फोटो काढताना छातीच्या उंचीवर खोडाला टेप गुंडाळा, म्हणजे घेर स्पष्ट दिसतो. झाड 50 वर्षांचं किंवा जुनं असेल तर ते 2021 च्या दुरुस्तीनुसार वारसा वृक्ष ठरतं; वय लपवू नका.

मग पाहणी होते, झाडावर आणि वर्तमानपत्रात नोटीस लागते. निर्णयाला कायद्याने 60 दिवसांची मुदत आहे. दिवाळीनंतरचा अर्ज म्हणूनच सोयीचा: जानेवारीत परवानगी हाती आली की उन्हाळ्याआधी झाडाभोवती मुळं कापण्यासाठी चर खणता येतो.

हा चर म्हणजे सगळ्या कामाचा जीव. खोड 15 सेंमी जाड असेल तर मातीसकट मुळांचा गोळा दीड मीटर रुंद धरा. भोवती आधी अर्धा चर खणा, उरलेला काही आठवड्यांनी. जाड मुळं धारदार करवतीने कापा आणि चर शेणखत-मातीने भरून टाका. एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात तिथे ओल टिकलीच पाहिजे. नंतर माती हाताने बाजूला केली की कापलेल्या टोकांशी दोऱ्यासारखी पांढरी मुळं दिसतात. नव्या जागी झाड तीच जगवतात.

जूनमध्ये पाऊस नीट बसला की गोळा गोणपाटात घट्ट बांधून क्रेननेच उचला. वजन टनावर जातं. दोर खोडाला नाही, गोळ्याला. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, तेव्हा झाड जुन्या खोलीपेक्षा खाली गाडू नका, उलट वीतभर उंचवट्यावर बसवा.