९६ गुणांतले खरे किती?

बेळगावच्या दुकानांत परदेशी वाइनच्या फळीवर हल्ली किमतीशेजारी आणखी एक आकडा दिसतो, समीक्षकाने दिलेल्या गुणांचा: ९२, ९४, ९६. टिळकवाडीतले माझे एक परिचित अशा बाटल्या जमवतात. परवा त्यांनी विचारलं, "सर, ९४ वाली आणि ९६ वाली, किमतीत दीडपट फरक. चवीत तेवढा फरक असतोय काय ओ?"

चवीवरून उत्तर द्यायची माझी पात्रता नाही. आकड्यांवरून मात्र देता येतं, आणि त्यातच खरी गंमत आहे.

ही गुणपद्धत जगभर रूढ केली ती रॉबर्ट पार्कर या अमेरिकी वकिलाने. १९७८ साली त्यांनी 'द वाइन अ‍ॅडव्होकेट' हे पत्रक सुरू केलं. त्यांची मोजपट्टी ५० पासून १०० पर्यंत. १९८२ सालच्या बोर्डो वाइनचं त्यांनी तोंड भरून कौतुक केलं, ते खरं ठरलं आणि पार्कर यांच्या शब्दाला वजन आलं. (अथणीच्या द्राक्षबागायतदाराला बोर्डो हे नाव फवारणीमुळे तोंडपाठ असतं. मोरचूद आणि चुन्याचं ते मिश्रण याच फ्रेंच मुलखातल्या मळ्यांतून आलं.)

संग्राहक गुणांवर इतका का विसंबतो? कारण त्याला चाखून घ्यायची सोयच नसते. बोर्डोत द्राक्षं शरदात उतरतात. पुढच्या वसंतात वाइन अजून पिंपात मुरत असतानाच समीक्षक ती चाखून गुण देतात, साधारण त्याच सुमारास मालक भाव फोडतात आणि गिऱ्हाईक पैसे मोजून मोकळं होतं. बाटली हातात पडायला आणखी दीड-दोन वर्षं जातात, आणि पडल्यावरही चांगल्या बाटलीचं बूच दहा-वीस वर्षं काढायचं नसतं. २००३ च्या वसंतात पार्कर बोर्डोला गेले नाहीत, त्यामुळे त्या खेपेला भाव त्यांच्या गुणांआधीच ठरले. अर्थशास्त्रज्ञांना आयताच प्रयोग मिळाला. इतर वर्षांशी ताडून पाहिल्यावर पार्कर यांच्या गुणांचा परिणाम निघाला बाटलीमागे सरासरी २.८० युरो.

आता मुद्द्याचं. तोच परीक्षक तीच वाइन पुन्हा चाखेल तेव्हा तेवढेच गुण देईल का?

रॉबर्ट हॉजसन हे कॅलिफोर्नियातले निवृत्त प्राध्यापक, आणि स्वतः छोट्या वायनरीचे मालक. आपल्या वाइनला एका स्पर्धेत सुवर्णपदक आणि दुसरीत काहीच नाही, हे कोडं त्यांना छळत होतं. त्यांनी कॅलिफोर्नियाच्या राज्य मेळाव्यातल्या स्पर्धेच्या आयोजकांना राजी केलं. परीक्षकांपुढे तीसेक पेल्यांची रांग लागायची. त्यातल्या तीन पेल्यांत एकाच बाटलीतली वाइन असायची आणि परीक्षकांना याचा पत्ता नसायचा. २००८ साली निष्कर्ष छापून आले. तीनही वेळा एकाच पदकाच्या पट्ट्यात गुण देणारे परीक्षक जेमतेम दहा टक्के. बाकीच्यांचे गुण साधारण चार गुण वर-खाली. म्हणजे ९० ची वाइन थोड्या वेळाने ८६ ची, नाहीतर ९४ ची. कहर म्हणजे एका वर्षी अचूक ठरलेला परीक्षक पुढच्या वर्षी चारचौघांसारखाच निघायचा.

यात लबाडी नाही, शरीराचा भाग आहे. तांबड्या वाइनमधली टॅनिनं, म्हणजे तुरट द्रव्यं, लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात आणि त्यांचा साका होतो. जिभेचं वंगण जातं, तोंड कोरडं पडतं, आणि त्यालाच आपण तुरटपणा म्हणतो. पुन्हा लाळ सुटायच्या आत पुढचा घोट आला की तुरटपणा साचत जातो. बाविसाव्या पेल्याच्या वाट्याला येणारी जीभ दुसऱ्या पेल्याची उरलेली नसते. शिवाय डोळे दगा देतात. २००१ च्या एका प्रसिद्ध फ्रेंच प्रयोगात पांढऱ्या वाइनला बिनवासाचा तांबडा रंग दिला, तर वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांत केलं.

तर गुण म्हणजे खरा दर्जा अधिक चूक. चूक कधी वरच्या बाजूला, कधी खालच्या. इथपर्यंत सगळ्यांना पटतं. पुढची पायरी मात्र सहज लक्षात येत नाही आणि माझा सगळा जीव तिच्यातच अडकलाय.

समजा, हजार वाइन आहेत. त्यांच्या खऱ्या दर्जाची सरासरी ८८ आणि प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासून इकडे-तिकडे पडणारा सर्वसाधारण फरक, ३. परीक्षकाच्या चुकीचंही प्रमाण विचलन ३. (हे आकडे मी सोयीसाठी धरलेत, पण हॉजसन यांच्या निकालांपासून फार लांबचे नाहीत.) या हजारांत ९६ किंवा जास्त गुण तिसेक वाइनना मिळतील. या तीस कोण? काही खरोखर उत्तम. पण काही साध्या चांगल्या, ज्यांना त्या दिवशी चूक वरच्या बाजूने लाभली. खरोखर उत्तम असूनही चूक खालच्या बाजूने झालेल्या वाइन या यादीत येतच नाहीत, त्या ९२ वर अडकून पडतात. म्हणजे वरून निवड केली की निवडीत नशीबवान जास्त येणारच. परीक्षक कितीही प्रामाणिक असो.

किती जास्त, तेही काढता येतं. दर्जाचं आणि चुकीचं विचलन सारखं असेल, तर सरासरीच्या वर दिसणाऱ्या गुणांतले निम्मे दर्जाचे, निम्मे नशिबाचे. ९६ म्हणजे ८८ च्या वर आठ. त्यातले चार धरायचे. ९६ च्या वाइनचा खरा दर्जा आपल्या अंदाजाने ९२, आणि ९४ वालीचा ९१. दोन गुणांचा फरक एकावर आला, आणि त्या एका गुणाभोवती अनिश्चितता तीन गुणांची. गणित पुरं केलं तर ९६ वाली ९४ वालीपेक्षा खरोखर सरस असण्याची शक्यता ६३ टक्के निघते. नाणं उडवलं असतं तर ५०. दीडपट पैसे या १३ टक्क्यांसाठी.

एकाऐवजी पाच परीक्षकांची सरासरी घेतली तर चुकीचं विचलन पाचाच्या वर्गमुळाने भागलं जातं, ३ चं १.३ होतं आणि तीच शक्यता ८३ टक्क्यांवर जाते. पण अट एकच: चुका एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. आपल्याकडचा माल तासगाव-सांगलीला बेदाण्याच्या सौद्याला जातो, तिथे हेच बघायला मिळतं. दहा व्यापारी एकाच मालात हात घालतात, मूठभर बेदाणा तळव्यावर पसरून रंग बघतात, दाणा चिमटीत दाबतात, एखादा तोंडात टाकतात. दहा स्वतंत्र मतं म्हणावीत, तर पहिल्याची बोली बाकीच्यांनी ऐकलेली असते! समीक्षकांचंही असंच. बड्या समीक्षकाचा आकडा आधी फुटला की पुढचे त्याच्या आसपास घुटमळायला लागतात, आणि मग पाचांची सरासरीही एकाचंच मत उरते.

जाता जाता एक गंमत. पंचांग बघून विहिरीची जागा ठरवणाऱ्यांना आपण हसतो. युरोपातही एक पंचांग आहे: चंद्र कुठल्या राशीत, त्यावरून 'फळाचा दिवस' की 'मुळाचा दिवस' हे ठरतं आणि फळाच्या दिवशी वाइन जास्त चवदार लागते म्हणे. न्यूझीलंडमध्ये १९ जाणकारांना १२ पिनो न्वार (एका जातीच्या काळ्या द्राक्षाच्या तांबड्या वाइन) दोन्ही प्रकारच्या दिवशी, तारखेचा हेतू न सांगता चाखायला दिल्या. २०१७ साली निकाल आला: फरक शून्य. भविष्य सांगणाऱ्याने सूट घातला की ते शास्त्र होतं, असा आपल्याकडेही बऱ्याच जणांचा समज आहे.

जिभेला बाजूला ठेवून दर्जाचा अंदाज बांधायचा प्रयत्नही झालाय. प्रिन्स्टनचे अर्थशास्त्रज्ञ ऑर्ली अ‍ॅशेनफेल्टर यांनी बोर्डोच्या जुन्या वाइनचे लिलावातले भाव घेतले आणि शेजारी हवामानाच्या नोंदी मांडल्या. हिवाळ्यात भरपूर पाऊस, वाढीच्या काळात ऊन आणि ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे ऐन सुगीच्या तोंडावर, कोरडी हवा. एवढं जुळलं की त्या वर्षाची वाइन पुढे महाग विकली जाते. एका ओळीचं समीकरण. १९९० साली ते वर्तमानपत्रांत गाजलं तेव्हा पार्कर चांगलेच भडकले. अ‍ॅशेनफेल्टर यांचं म्हणणं होतं की १९८९ ची वाइन उत्कृष्ट निघेल आणि १९९० ची त्याहून सरस. आज बोर्डोच्या उत्तम वर्षांत ही दोन्ही वर्षं मोजली जातात. पण हे समीकरण साल सांगतं, मळा नाही. एकाच सालातल्या, एकाच पावसात भिजलेल्या दोन शेजारी मळ्यांपैकी कुणाची बाटली घ्यायची, हे त्यातून निघत नाही. तिथे संग्राहकाला पुन्हा समीक्षकाचं दार ठोठवावं लागतं, आणि मग मी त्याला एवढंच सांगेन की एका आकड्यावर न जाता त्याच मळ्याचे सात-आठ सालांचे गुण मागून घे.